फ्रीझरचा दसरा

अरविंद पारखे सोनागिरीला राहतात. एकतीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. काचसामान धुवायचं, यंत्रं पुसायची.

वसुधा तिथे पीएचडी करते. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांना काम समजावलं.

“काका, हे बॅक्टेरियाचं विष. पेशीच्या पडद्याला बारीक भोकं पाडतं. त्यातून हवं ते प्रथिन आत सोडायचं. मग कॅल्शियम दिलं की भोकं बुजतात.”

“म्हणजे आधी ड्रिल, मग वेल्डिंग.”

“हां. पण जरा जास्त झालं की पेशी खलास.”

“मग तू आमच्याच खात्यातली की गं!”

प्रत्येक खेपेच्या विषाची ताकद वेगळी. या खेपेचं माप बसवायला तिला दोन महिने लागले होते. आता फ्रीझरमध्ये गोठवलेल्या बाराच कुप्या उरल्या होत्या. प्रबंधाची मुदत महिन्यावर आलेली. नवी खेप यायलाच तीन महिने लागत.

कारखान्यात दसऱ्याला यंत्रं पुसून, तेल देऊन बंद ठेवत. त्या दिवशी बटणाला कुणी हात लावत नसे. या दसऱ्याला अरविंदकाका सुट्टी असूनही प्रयोगशाळेत आले. तोरणं बांधली, प्रत्येक यंत्राला कुंकू लावलं. कोपऱ्यातला फ्रीझर बंद करून ओढला, मागची धूळ काढली आणि बटण बंदच ठेवलं. वर्षभर गुरगुरतोय बिचारा, एक दिवस निजू दे. घरी लाइट गेली तरी फ्रिजमधलं दूध नासत नाही. हे तर विष.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोचले तेव्हा वसुधा उघड्या फ्रीझरसमोर उभी होती.

“काका, काल लाइट गेली होती?”

“नाही. मीच बंद केला. दसरा होता ना.”

तिनं एक कुपी उचलली. कुपीतलं विष पेशींवर सोडलं, मग निळा रंग घातला. भोक पडलं तर पेशी निळी होते. एकही झाली नाही. दुप्पट घातलं. चौपट घातलं. संध्याकाळपर्यंत बाराही कुप्या संपल्या.

“बघा,” ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली. “सगळ्या धडधाकट.”

काकांनी डोळा लावला. गोल, स्वच्छ पेशी. कुठे ओरखडाही नाही.

फोन वाजला. तिचे सर होते.

“लाइट गेली होती, सर,” वसुधा म्हणाली.

काका पुढे सरसावले. तिनं हातानंच त्यांना थांबवलं. ते फडकं घेऊन फ्रीझरपाशी गेले, दारावरचं कुंकू पुसू लागले. ते जाईना. नुसतं पसरत गेलं.