डोळे बांधून लावलेली बाग

तार शाळेत आली तेव्हा मी चौथीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. मोठ्या बाईंनी दारातूनच मला बाहेर बोलावलं आणि कागद हातात न देता स्वतःच वाचून दाखवला. सगुणावैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, सांगलीला वारली. मुदतीच्या तापाचं निमित्त झालं... खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो दादाचा. आता त्याचं कसं होणार? त्या विचाराची मला अजून लाज वाटते. पण मी एकटीच तशी नव्हते. मेढ्याच्या वरच्या डोंगरातून आमचे सगळे आले, कराडहून वैनीच्या माहेरचे आले, आणि जो तो दादासाठीच रडला. ‘आंधळ्याची काठी गेली’ असं प्रत्येक जण म्हणाला. वैनी म्हणजे काय नुसती काठी होती? तेराव्यानंतर चुलत्यांनी ठरवलं की दादानं माझ्याकडे साताऱ्याला यायचं. मीही मान डोलावली. दादाला कुणी विचारलं नाही.

वैनीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दादानं मला शिकायला सांगलीला नेलं तेव्हा. आमच्या गावात मुलींची शाळा नव्हती. दादा हळदीच्या पेठेत पोती तोलायच्या कामाला होता आणि नदीकडच्या अंगाला दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. मागं एवढंसं परसू. पूर आला की बाग उचलून माळ्यावर नेता यावी म्हणून वैनीनं सगळी झाडं रॉकेलच्या डब्यांत लावलेली. पुढं दादा पलटणीत भरती झाला, लढाईवर गेला, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. वैनी पेठेत हळकुंडं निवडायला जाई. येताना तिला हमखास उशीर व्हायचा, कारण वाटेत तिला काही ना काही दिसायचं. घाटाच्या पायऱ्या बघून आली की परसात डब्यांच्या उतरत्या रांगा लागायच्या. कोळ्याचं जाळं वाळत घातलेलं बघितलं की दुसऱ्या दिवशी सुतळीचं जाळं विणून त्यावर जाई चढवलेली. ‘कुठून आणलंत हे?’ म्हटलं की हसायची. ‘बगून आनलं, वन्सं. बगायला कोन न्हाई म्हंतंय?’ मी तेव्हा सातवीच्या फायनलचा अभ्यास करत होते आणि फार शहाणी होते. या नटण्यामुरडण्यानं घराला काय मिळतं, असं मी तिला एकदा तोंडावर विचारलंसुद्धा. तिनं माझी अभ्यासाची चटई उचलून उगवतीच्या खिडकीखाली टाकली, शेजारी कर्दळीचा डबा ठेवला, आणि मला कबूल करायचं नव्हतं, पण त्या दिवसापासून माझा अभ्यास पुढं सरकायला लागला.

लढाई संपत आली तेव्हा दादाचं पत्र आलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. डोळ्यांना दुखापत झाली आहे, पुण्याच्या दवाखान्यात आहे, लवकरच घरी सोडतील. आम्ही आपलं धरून चाललो की चष्मा लागला असेल. ‘आता सायबावानी चष्मा लावून येत्यात बगा,’ म्हणत वैनीनं घर आवरायला काढलं. दारासमोरची भिंत पिवळीधमक करायची, दारात पाय ठेवला की त्यांच्या डोळ्यांत भरली पाहिजे, हा तिचा हट्ट. आधी चुना मारला आणि तो वाळायचीही वाट न बघता वर डिंक घातलेलं हळदीचं पाणी ओढायला लागली. कुंचा पुढं सरकायचा तिथं पिवळं, आणि मागं वळून बघावं तर लालभडक! हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. वैनीचा तर जन्म हळदीत गेलेला, दर वर्षी घरचं कुंकू ती स्वतः करायची. पण आनंदात माणसाचं भान असं सुटतं. ‘आगं बया! आख्खी भिंत कुंकू झाली की वो, वन्सं!’ म्हणून ती मटकन खाली बसली आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. ‘ऱ्हाऊ द्या. त्येबी बगून हसतील.’

दादा तिसऱ्या दिवशी आला. पलटणीतल्या एका गड्यानं त्याला कोपराला धरून आणलं होतं. त्याचे दोन्ही डोळे गेले होते. उंबऱ्यात उभा राहून त्यानं नाक फेंदारलं. ‘चुन्याचा वास येतुया. रंग दिला का काय?’ वैनी भिंतीकडे बघत म्हणाली, ‘व्हय. पिवळा.’ चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी खोड, मी तोंड उघडलं तेवढ्यात तिनं माझं मनगट घट्ट धरलं. पुढं कधीतरी मी तिला विचारलं, खोटं का बोललात? ती म्हणाली, ‘लाल म्हनलं आस्तं तर कशी लाल झाली त्ये सांगावं लागलं आस्तं. मग हसू आलं आस्तं... आन् हसता हसता मला रडू आवरलं नसतं.’

त्यानंतर चार महिने दादा कोपऱ्यातल्या घोंगडीवरून हलला नाही. मोरीत जायचं तरी हाताला धरून न्यावं लागे, आणि त्या शरमेनं तो पाणी पिईनासा झाला. जगण्यातून त्याचं मन उठलं होतं, आणि ते आम्हाला दिसत होतं. एका सकाळी बघते तर वैनी डोळ्यांवर पदर घट्ट बांधून घरात चालते आहे. दिवळीच्या फळीवर कपाळ आपटलं, हंड्याला पाय लागला, तरी थांबेना. ‘हे काय चाललंय?’ ‘बगू द्या तरी, त्यांस्नी घर कसं दिसतंय त्ये.’ आठ-दहा दिवस रोज सकाळी असं चाललं होतं. मग तिनं घर नव्यानं मांडलं. फळी काढली, हंडा हलवला. जमीन उकरून दारापासून स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत आणि तिथून परसापर्यंत नदीतले गोल गोटे एका रेघेत बसवले आणि वरून सारवलं. डोळ्यांना काही दिसायचं नाही, तळव्याला मात्र वाट सापडायची. परसात वळण आलं तिथं मरवा, पायरीपाशी सब्जा, मोरीच्या तोंडाशी धोतर घासून जाईल असा गवती चहा. झेंडू, गुलबक्षी, तिची लाडकी लाल कर्दळ, जे जे फक्त बघायचं होतं ते सगळे डबे तिनं शेजारणींना वाटून टाकले. मी विचारलं, ‘वाईट नाही वाटत?’ तिनं उगाच मोठेपणा घेतला नाही. ‘वाटतंय की. लय वाटतंय,’ म्हणाली आणि रिकाम्या जागेवर पाणी शिंपडायला लागली. दादाला तिनं काहीच समजावलं नाही, फक्त सांगितलं की पायाखाली गोटं हायती. आणखी काही दिवसांनी मी परसात तोंड धूत होते तर मागं सळसळ झाली. दादा एकटाच उभा होता. हातात गवती चहाची चुरगळलेली पात. ‘यमे,’ तो म्हणाला, ‘तिला म्हनावं च्या टाक.’ वैनी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण बाहेर आली नाही. बराच वेळ ती चुलीत फुंकतच राहिली, जाळ चांगला लागलेला असताना.

गेल्या महिन्यात मी दादाला न्यायला सांगलीला गेले. त्याची ट्रंक भरली, धोतरं घड्या घालून ठेवली, शेजारच्या कोंडामावशींना कुलपाचं सांगितलं. दादा सगळं ऐकत बसला होता. मग उठला. ‘निगायच्या आदी घर बग ये,’ म्हणाला. या घरात मी शिकले, वाढले, मला काय दाखवणार हा? पण मागोमाग गेले. एकेका पानाला हात लावत त्यानं मला बाग दाखवली. कुठल्या डब्यात पाणी कमी आहे, कुठला सब्जा म्हातारा झालाय, जाईला कळी धरली आहे. काठी नव्हती, खांद्यावर कुणाचा हात नव्हता. साताऱ्याच्या माझ्या खोलीत त्याला माझं बोट धरूनच चालावं लागणार, हे मला तेव्हा कुठं उमगलं. परत येताना स्वयंपाकघराच्या दाराशी गोट्यांची रेघ सरळ आत जाते. दादानं तिथं रेघ सोडली, अंग आकसलं, चौकटीला चिकटून कडेकडेनं आत गेला आणि पुन्हा रेघेवर आला. पुढं काहीच नव्हतं. जमीन मोकळी होती.

‘दादा, तिथं काही नाही रे. सरळ ये.’

‘ठावं हाय,’ तो म्हणाला. ‘ती बसती तितं, भाजी निवडत.’

मी ट्रंक उघडली आणि धोतरं पुन्हा दोरीवर टाकली. कोंडामावशी दोन वेळची भाकरी देतात, दादा दोर वळतो, मी दर शनिवारी सांगलीची गाडी धरते. वैनीसाठी मला अजून नीट रडता आलेलं नाही... पण गेल्या शनिवारी पाण्याची कळशी घेऊन मी त्या दाराशी आले, घाईत होते, आणि आत पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही चौकटीला चिकटून, कडेनंच आले होते.