बटण कुणी बंद केलं

माझी थोरली नणंद एका स्कॅन सेंटरमधला सर्व्हर सांभाळते. पन्नाशी उलटली, तरी घरात तिला अजून छकुताईच म्हणतात. रोग्यांचे सगळे स्कॅन त्या सर्व्हरमध्ये असतात, आणि सर्व्हर असतो बाथरूमशेजारच्या अडगळीत, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांना खेटून. ताईचा स्वभाव तापट, पण लिनक्सच्या काळ्या पडद्यावर टाइप करताना ती पुटपुटते, "चल गं बाई, सांग कुठं दुखतंय."

गेल्या महिन्यात सर्व्हरमधली एक डिस्क मेली आणि तो किंचाळायला लागला. भिंतीपलीकडेच मॅनेजरची केबिन. तो तणतणत आला.

"आधी हा आवाज बंद करा."

"डिस्क गेलीय त्याची, ओरडेल नाहीतर काय? चौघींनी पाण्याचं पिंप उचललंय आणि एकीचा हात सुटलाय, असं समजा. तिघी सांभाळतायत. आणखी एकीचा सुटला की पिंप खाली. नवी डिस्क आणा, चालू मशीनमध्येच बसवते."

"चालू मशीनमध्ये? आणि शॉक बसला म्हणजे?"

नवी डिस्क आली ती त्याच्या कपाटात जाऊन बसली. 'एकदा सगळं बंद करून निवांत बसवू' हे त्याचं पालुपद. ताईने बजावलं होतं, काहीही करा पण मशीन बंद करू नका. वर्षानुवर्षं फिरणाऱ्या डिस्का एकदा थांबल्या की पुन्हा फिरतीलच याचा भरवसा नसतो. हे तिने मला भाजी निवडतानासुद्धा सांगितलं होतं. मग त्याला किती वेळा सांगितलं असेल!

त्यातच सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. आईसाठी ताईने एक दिवस रजा घेतली. त्याच दिवशी मॅनेजरने सर्व्हरचं मुख्य बटण बंद केलं. कशासाठी? तर मिक्सर तापला की त्याला आपण जरा विसावा देतो ना, तसं. दुपारी बटण चालू केलं, तर आणखी एक डिस्क जागची हलेना. सगळे स्कॅन गायब.

माझा संताप याचा नाही. माणूस चुकतो. संताप पुढचा आहे. एक बाई लेकीचा जुना स्कॅन न्यायला आली होती. ऑपरेशन तोंडावर होतं, सर्जनला जुना-नवा शेजारी ठेवून बघायचा होता. तिला हा गृहस्थ काउंटरवर सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या सर्व्हरच्या बाईंनी चुकून पुसला हो."

रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करून ते सांगितलं, तेव्हा ताई सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालत होती. बाटली माझ्या हातात कोंबून ती उठली.

"मी पुसला? अगं, पोरांनी भिंतीवर काढलेली चित्रं पुसली नाहीत मी कधी!"

"ताई, शांत हो," आमचे हे म्हणाले. "उगाच तोंडाला तोंड देऊ नकोस. नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण रोग्यांचे स्कॅन पुसणारी म्हणून नाव झाल्यावर दारात तरी कोण उभं करेल मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमची घरची पोर्टेबल डिस्क मागितली.

"काय आहे गं यात?"

"तुमच्या भावाच्या डोंगर चढण्याचे व्हिडिओ."

"पुसू?"

"खुशाल पुसा."

मीही तिच्याबरोबर गेले. अडलेली डिस्क तिने दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. तीच गत. म्हणजे खाच ठीक, डिस्कच अडली होती. मग बंद कर, चालू कर, कान लाव, पुन्हा बंद कर. मी खोक्यावर बसून बघत होते. शेवटी आतून टक् झालं आणि बारीक घूं सुरू झाली. तरी सर्व्हर डिस्का जोडून घ्यायला तयार होईना. कोणती डिस्क कधी गळाली ते ताईने नीट वाचलं, आणि मगच महिन्यापूर्वी मेलेली वगळून बाकीच्या तिघी त्याला जबरदस्तीने जोडायला लावल्या. पडद्यावर स्कॅनची नावं झरझर उमटली.

मॅनेजर नवी डिस्क घेऊन दारात हजर. "बसवून टाका पटकन!"

"आता बरी घाई आली? नवीला सगळं शिकवताना बाकीच्या तिघींचा घामटा निघतो. ही आजारी त्यातच आडवी झाली म्हणजे? आधी कॉपी."

आमच्या डिस्कवर कॉपी चालू असतानाच ती बाई आली. काउंटरवरून मॅनेजरचा आवाज आला, "मिळाला बरं का तुमचा स्कॅन! खास बाहेरून तज्ज्ञ बोलावला."

ताई धुळीच्या हातांनीच बाहेर गेली. मी मागोमाग.

"बाहेरचं कुणी नाही हो आलं. मीच आहे ती. काल पुसणारी म्हणून सांगितलं, तीही मीच. पुसलं कुणीच नव्हतं. यांनी बटण बंद केलं होतं."

"जाऊ द्या ना आता," मॅनेजर हसत म्हणाला. "मिळाला ना स्कॅन?"

त्या बाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "काल रात्रभर मी या बाईंना शिव्याशाप दिले. ते आता तुमच्या नावावर करू का?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजर काउंटरकडे बघत पुटपुटला, "बटण मी बंद केलं होतं."

"मोठ्यानं," ताई म्हणाली. "काल मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."

त्याने मोठ्याने सांगितलं. कॉपी संपल्यावर ताईने चालू मशीनमध्ये नवी डिस्क बसवली. शॉक कुणालाच बसला नाही.