टचिंगवाल्या मालनबाई

संगमनेरच्या बाजारपेठेत राधाकृष्ण यांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या मागच्या बोळात मालनबाई राहायच्या. गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवरच्या चेहऱ्यांवरून त्यांचा हात फिरलेला होता, पण त्या घरांना ते ठाऊक नव्हतं. लोक राधाकृष्णांना ओळखायचे. काळ्या कापडाखाली डोकं घालून "हनुवटी जरा वर, हसू नका" असं म्हणणारा माणूस लक्षात राहतो. मुलीच्या गालावरची मुरमं, मामलेदार कचेरीतल्या कारकुनाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नवरदेवाच्या हनुवटीवरची वस्तऱ्याची जखम हे सगळं नंतर कुठं गेलं, असं कुणी विचारत नसे.

ते मालनबाईंकडे जायचं. राधाकृष्ण निगेटिव्ह धुऊन, वाळवून कागदी पाकिटात घालत आणि पाकिटावर नंबर टाकत. पाकीट बोळातून मालनबाईंकडे जाई आणि काम झालं की परत येऊन लाकडी कपाटातल्या आपल्याच खणात बसे. जिथून गेलं तिथंच आलं पाहिजे, एवढा एकच नियम. राधाकृष्णांना टचिंग येत नव्हतं आणि मालनबाईंना कपाटातलं काही सापडलं नसतं. दोघांच्या मधे ते पाकीट तेवढं ये-जा करत असे.

खिडकीशी तिरपी काच, काचेखाली आरसा, आरशावर पडलेला सकाळचा उजेड. मालनबाई निगेटिव्हवर कापसाच्या बोळ्यानं टर्पेंटाइनमधलं चिकट औषध पुसायच्या, म्हणजे शिसं धरायचं. मग सुईसारखं टोक केलेली पेन्सिल घेऊन बारीक बारीक स्वल्पविराम काढत बसायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. जिथं चेहऱ्यावर खड्डा, तिथं फिल्मवर उजेड. तो उजेड शिशानं भरला की फोटोत खड्डा बुजतो.

हे त्यांना नवऱ्यानं, छगननं शिकवलं होतं. तो नगरला एका स्टुडिओत टचिंग करायचा. त्याचं एक सांगणं होतं. चेहऱ्यावर डाग घालायचा असेल, तर फिल्म चाकूनं खरवडावी लागते, आणि खरवडलेलं परत येत नाही. म्हणून आपण चाकू हातात धरायचा नाही. शिशाचं भय नाही. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की माणूस होता तसा परत.

छातीच्या दुखण्यानं तो खंगत चालला, तेव्हा राधाकृष्णांनी त्याचा एक फोटो काढून ठेवला. तो गेल्यावर ते पाकीटही बोळातून आलं. मालनबाईंनी त्याच्या बसलेल्या गालांत शिसं भरलं, डोळ्यांखालचे खळगे भरले, कपाळाच्या कडेची फुगलेली शीर पुसली. कुणी शेजारी बसून शिकवायला नसताना केलेलं ते त्यांचं पहिलं काम. त्या घरातला भिंतीवरचा छगन मग कधीच आजारी पडलेला नव्हता.

नंतर रंगीत फिल्म आली. रोल नाशिकला जायचे आणि फोटो होऊन यायचे. बोळातून येणारी पाकिटं कमी होत गेली. मालनबाई गोधड्या शिवू लागल्या. स्टुडिओत मात्र रोज दुपारी एक चक्कर असायचीच. राधाकृष्णांच्या घरचा चहा त्यांना गोड लागायचा आणि तिथं बसून त्या गिऱ्हाइकांचे चेहरे बघायच्या. एकदा कुणी उठून गेल्यावर म्हणाल्या, "भाऊ, या बाईच्या नाकाला माझी पाच मिनिटं लागली असती."

"आता नाशिकची मशीन नाकासकट छापते," राधाकृष्ण म्हणाले.

अठ्ठ्याण्णव साल असेल. राधाकृष्णांची मुलगी रेश्मा बारावी होऊन कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तिच्या हट्टापायी स्टुडिओत एक जुना कॉम्प्युटर आणि नवा स्कॅनर आला. स्कॅनरबरोबर फोटोंच्या अल्बमचा एक प्रोग्रॅम फुकट मिळाला होता. त्यात फोटो पोस्टाच्या तिकिटांसारखे ओळीनं दिसत. नाव टाकलं, गाव टाकलं की क्षणात सापडत. राधाकृष्णांच्या कपाटाला जे कधी जमलं नाही ते त्याला जमे. पण त्या अल्बमला चेहऱ्यावरचा एक डाग काढता येत नव्हता.

डाग काढणारा नावाजलेला प्रोग्रॅम होता. त्याची किंमत ऐकून राधाकृष्ण म्हणाले, "तेवढ्यात तुझं लग्न होईल."

"मग प्रोग्रॅमच घ्या," रेश्मा म्हणाली.

शेवटी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला एक छोटा, स्वस्तातला प्रोग्रॅम सापडला. महिनाभर वापरून बघा, आवडला तर थोडे पैसे भरा, असा. त्याला ब्रश होता, आणि गालाच्या एका ठिकाणची कातडी उचलून दुसरीकडे लावायची सोय होती. रेश्मानं मालनबाईंना खुर्चीत बसवलं. त्यांनी माऊस पेन्सिलीसारखा तीन बोटांत धरला आणि मनगट हवेत ठेवलं. टेबलावर हात टेकायला शिकण्यातच त्यांचा एक आठवडा गेला. पण डाग कुठं संपतो आणि गाल कुठं सुरू होतो, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

अडचण वेगळीच होती. अल्बममधला फोटो बाहेर काढायचा, या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन तो शोधायचा, टचिंग झालं की नवं नाव द्यायचं, परत अल्बममध्ये आणायचा. या येरझाऱ्यांत फोटो हरवायचे. एकदा मिरजगावच्या नवरीच्या नावाखाली एक पेन्शनर निघाले.

"माझं पाकीट बरं होतं," मालनबाई म्हणाल्या.

ते रेश्माच्या डोक्यात राहिलं असावं. एका दुपारी अल्बमच्या आतल्या पानांत तिला एक चौकट सापडली. फोटो दुरुस्त करायला बाहेरचा कोणता प्रोग्रॅम उघडायचा, असं तिथं विचारलं होतं. तिनं त्या स्वस्तातल्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहिला. खाली आणखी एक प्रश्न होता. मूळ फोटो पाठवायचा की त्याची नक्कल? नकलांनी डिस्क भरून गेली असती, म्हणून तिनं 'मूळ' वर खूण केली.

आता अल्बममधल्या तिकिटाएवढ्या फोटोवर माऊसचा बाण ठेवून एक बटण दाबलं की तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मोठा होऊन उघडे. काम करून बंद केलं की आपल्या जागी परत. राधाकृष्ण मागं उभे राहून बघत होते.

"हे तर मालनबाईंचं पाकीट," ते म्हणाले.

मालनबाईंनी मान हलवली. जिथून गेलं तिथंच आलं. त्या दिवसापासून त्या दुपारी चहाला नाही, कामाला येऊ लागल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रंभाजी आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, नदीपलीकडच्या गावचे. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम त्यांनी काढली.

"बनाबाई म्हंजी आमची मंडळी. गेल्या सालाला वारली," ते म्हणाले. "वर्साचं पुण्यानुमोदन हाय. भन्तेजी येनार हायेत, पोरी येनार हायेत. ह्यो येकच फोटू. अकोल्याच्या जत्रंत काढल्याला, झटपटवाल्याकडं."

जत्रेतला झटपट फोटो म्हणजे मागं निगेटिव्ह उरत नाही. भिंतीची ओल लागून तो काचेला चिकटला होता. कडेनं बुरशी चढली होती. राधाकृष्णांनी तो फ्रेमसकट, काचेतूनच स्कॅन करून ठेवला. आणखी स्वच्छ येईल म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काचेपासून हलकेच सोडवायला घेतला, तर चेहरा काचेवर राहिला आणि कागद हातात आला. काचेवरचंही भुगा होऊन गळालं.

"स्कॅन आहे ना?" त्यांनी रेश्माला विचारलं. स्कॅन होता. ते निर्धास्त झाले.

मालनबाईंनी तीन दुपारी त्या फोटोवर काम केलं. बुरशी काढली, घड्या काढल्या. मग चेहऱ्याकडे वळल्या. लहानपणी देवी येऊन गेलेल्या बाईचा चेहरा होता. गालांवर, नाकाशेजारी, कपाळावर व्रण, आणि एका व्रणानं डावी भुवई मधेच तुटलेली. जत्रेतल्या फोटोला कुणाचा हात लागलेला नव्हता, म्हणून ते इतकी वर्षं तसेच राहिले होते. मालनबाईंना त्या बाईची माया आली. एकेक व्रण त्यांनी हळुवारपणे बुजवला. भुवई जोडली. जन्मभर हेच तर केलं होतं. काम ठेवून प्रोग्रॅम बंद केला, फोटो अल्बममध्ये आपल्या जागी जाऊन बसला.

रंभाजी आले तेव्हा मोठी प्रत तयार होती. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, दाराच्या उजेडात नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

"धाकटी बहीन वाटती तिची," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पन तिला बहीन न्हवती."

त्यांनी प्रत जरा लांब धरून बघितली.

"लुगडं तिचंच हाय. डोळं बी तिचंच. लई चांगलं काम केलंय तुमी. गोरंगोमटं दिसतंय. लावतो भिताडाला. पोरींना बरं वाटंल."

"आणि तुम्हाला?" मालनबाईंनी विचारलं.

रंभाजी टॉवेलाची घडी घालत राहिले. "मला काय, ताई. मला ती आंधारात हातानं वळकू यायची. ह्यात हात कुठं थांबतच न्हाई."

मालनबाई उठल्या. "बसा, दादा. पुसून देते. पहिलं होतं तसं करून देते." खुर्चीत बसून त्यांनी फोटो उघडला आणि रेश्माकडे पाहिलं. "याचं टर्पेंटाइन कुठंय?"

रेश्माला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मावशी, केलेलं पुसायची सोय फोटो बंद करेपर्यंतच असते. एकदा आपण तो ठेवून दिला की... मी मूळ फोटोच पाठवत होते. नक्कल नाही ठेवली."

"म्हणजे खालचा गेला?"

"गेला."

काचेवरचा भुगा केव्हाच केरात गेला होता. राधाकृष्णांनी खाली बघितलं. मालनबाईंना वाटलं, इतकी वर्षं आपण चाकू हातात धरला नाही, आणि ज्याला पेन्सिल समजलो तो चाकूच निघाला.

रंभाजींनाच त्यांची कीव आली. "जाऊ द्या. मानूस गेलं, तिथं फोटूचं काय घिऊन बसलात."

"दादा," मालनबाई म्हणाल्या, "शेवटची बस कधी तुमची?"

"हाय की, दिवस मावळता."

"मग इथं माझ्याशेजारी बसा. तुमच्या हाताला आठवतंय ना? सांगा मला."

रंभाजी संकोचले. मग स्टुलावर टेकले. पडद्यावर बनाबाईचा गुळगुळीत चेहरा मोठा झाला होता. त्यांनी डोळे मिटले, आपल्या उजव्या गालाच्या हाडाला बोट लावलं. मालनबाईंनी चित्रातल्या बाईच्या उजव्या गालावर नेम धरला.

"तितं न्हाई," रंभाजी डोळे उघडून म्हणाले. "समोरचा गाल."

बनाबाई त्यांना समोरून आठवत होती; त्यांचा उजवा गाल म्हणजे तिचा डावा. मालनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावर खड्डा पाडला. एका कडेला काळसर, दुसऱ्या कडेला उजळ. खड्ड्यावर उजेड कसा पडतो, ते बुजवून बुजवून त्यांना पाठ होतं.

"जरा वर. व्हय. नाकाशेजारी येक मोठा. भाकरी थापताना घाम तितंच थांबायचा, मग ती मनगटानं पुसायची." ते बोलता बोलता मनगट नाकाकडे नेत होते. "हिकडं दोन जवळजवळ. धाकली पोरगी अंगावर पीत असताना त्यात बोट घालून बसायची."

"भुवई?"

"भुवईचं मी सांगू न्हाई शकत. तितं हात कवा लावला न्हाई."

"ते मला आठवतं," मालनबाई म्हणाल्या. "ती मीच जोडली होती." आणि त्यांनी ती तोडली.

राधाकृष्णांनी चहा आणवला, तो निवत राहिला. मधेच एक व्रण पडला तेव्हा रंभाजी म्हणाले, "ह्यो न्हवता," आणि मालनबाईंनी तो काढला. मधेच त्यांचं बोट आपल्याच गालावर अडून राहिलं, तेव्हा मालनबाईंनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. बाहेर बाजार उठत होता. टेम्पोवाले गावांची नावं घेऊन ओरडत होते.

शेवटी रंभाजी पडद्याच्या जवळ सरकले. बघितलं. हात पुढं केला, काचेपर्यंत नेला आणि मागं घेतला.

"आली," ते म्हणाले.

प्रत घेऊन टॉवेलात गुंडाळताना ते पायरीवर थांबले. "येखादा ऱ्हायला आसंल, ताई. आसू द्या. घरी गेल्यावर सापडंल."

रेश्मानं तेवढ्यात अल्बमची ती चौकट उघडली होती आणि 'नक्कल' वर खूण केली होती. डिस्क भरली तर भरू दे, असं राधाकृष्णच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालनबाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. त्यांनी राधाकृष्णांना छगनच्या निगेटिव्हचं पाकीट मागितलं. ते जुन्या कपाटात आपल्या खणात होतं. घरी जाऊन त्यांनी तिरप्या काचेवरची धूळ पुसली, बाटलीच्या तळाशी उरलेलं टर्पेंटाइन बोळ्यावर घेतलं आणि निगेटिव्हवरून फिरवलं. इतक्या वर्षांचं शिसं बोळ्याला राखाडी होऊन लागलं. काचेखालच्या आरशात उजेड होता. गालांच्या जागी तो आरपार दिसू लागला.

राधाकृष्णांनी बंद पडलेल्या डार्करूममध्ये त्याची एक प्रत काढून दिली. गाल बसलेले, डोळ्यांखाली खळगे, कपाळाच्या कडेला ती शीर. त्या शिरेवर त्या तेल चोळायच्या.

"मावशी, कॉम्प्युटरमध्ये घेऊ का हा?" रेश्मानं विचारलं.

"घे."

ओळीनं लागलेल्या तिकिटांमध्ये छगनही बसला. पुढं कितीतरी वर्षं मालनबाई तो अल्बम उघडून कामाला बसत राहिल्या. काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला त्या विचारायच्या, काय काय ठेवायचंय. छगनच्या फोटोवर त्यांनी टचिंगचं ते बटण कधी दाबलं नाही.