मागितलेली नोकरी

किनाईचं नाव माझ्या फॉर्मवर पहिल्यांदा चढलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. 'गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी निदान एक तास तरी काम केलंत का?' असा प्रश्न त्यावर छापलेला असतो आणि तो जसाच्या तसा वाचायचा अशी सक्त ताकीद असते. मी वाचला. ती घरापुढच्या मचाणावर बसून चटईसाठी केवड्याच्या पाती सोलत होती.

"एक तास?" ती म्हणाली. "बाई, कुणी देत असेल तर पत्ता सांगा. आत्ता येते, हात धुऊन."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून सर्व्हे निघाला की आकडेवारीच्या कचेरीतून मलाच बोलावणं येतं. आमच्या बिकेनिबेउ गावातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे ती माझ्याशी खोटं बोलत नाहीत. बोलतात, पण चाचरतात. माझ्या वाट्याला चाळीस-बेचाळीस घरं येतात. त्यांच्यापुरतं सांगायचं तर कामाला लागलेले तरुण मुलगे दहात चार, आणि मुली दहात दोन. त्या दोनमधलीही एक चर्चच्या बालवाडीत असते. घरात खायला मासे मारले तर ते काम नाही, विकले तर काम. पहाटे आणि संध्याकाळी माडावर चढून माडी उतरवणारा पोरगा माझ्या कागदावर रिकामटेकडा असतो. यावरून मी एकदा साहेबांशी भांडले. साहेब म्हणाले, "बाई, व्याख्याच तशी आहे." म्हटलं, व्याख्येला पोट नसतं, म्हणून सुचतात तुम्हाला असल्या व्याख्या.

तर किनाई. बाप बेरू बेटावरचा, ती लहान असतानाच वारला. आई, दोन धाकटे भाऊ आणि ती, अशी चौघं चुलत्याच्या आवारात राहायची. चुलता तेबाऊ, त्याचा मुलगा रिमेता आणि रिमेताची बायको शेजारच्याच घरात. चूल वेगळी, विहीर एक. पोरगी हुशार. शेवटची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली, चर्चच्या वर्गात टायपिंग शिकली आणि मग पाच वर्षं अर्ज करत बसली. बँक, टपाल, शाळा, इस्पितळ, काही म्हणून सोडलं नाही. तिचं शिफारसपत्र मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी शेवटी न बघता लिहायची. 'सदर मुलगी कष्टाळू, नम्र व वक्तशीर आहे.' पाच वर्षं वक्तशीर राहून ती जाणार कुठे होती, देव जाणे.

सहाव्या वर्षी बेसिओच्या बंदरात एक जागा निघाली. जहाजातून उतरलेल्या मालाची नोंद ठेवणारी कारकून. कायमची नोकरी. साठावर अर्ज आले. लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या आणि तीन आठवड्यांनी बंदराच्या फाटकावर एक चिठ्ठी चिकटली. चिठ्ठीवर एकच नाव होतं.

धाकट्या भावानं ते बसमधून पाहिलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून उलटा पळत जाऊन पुन्हा वाचलं. तो घरी आला तेव्हा किनाई कपडे धूत होती. तिचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बंदराच्या कचेरीत जाऊन नेमणुकीचं पत्र घेऊन आली. ते पत्र तिनं मला आणून दाखवलं. तिच्या आईला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं पोरीला चुण्यांचं नवं झंपर शिवायला घेतलं, लाल.

त्याच जागेसाठी रिमेतानंही अर्ज केला होता. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. खलाशी होता तो. परदेशी जहाजांवर चार वर्षं काढली, मग कंपनीनं आमची पोरं घेणं थांबवलं आणि दुसरीकडची घेतली. तीन वर्षं घरी होता. मिळेल ते करायचा, कुणाचं छप्पर शाकार, कुणाची होडी ओढ. बायकोला सातवा महिना होता. तो किनाईला 'किना' म्हणायचा, आणि लहानपणी शाळेत तिच्या पाटीवर कुणी थुंकलं तर जाऊन दोन ठेवून द्यायचा.

शनिवारी दुपारी मनेआबात जेवण झालं. मनेआबा म्हणजे आमचं सभेचं छप्पर. ज्याची त्याची बसायची जागा आजा-पणजापासून ठरलेली. भात, मासे, नीरफणस, दलदलीत पिकवलेला कंद, डब्यातलं मांस, सगळं होतं. पोरं नाचली. म्हाताऱ्यांनी भाषणं केली. बेरूच्या घराण्याचं नाव पोरीनं काढलं वगैरे. किनाई आईमागे बसून लाजत होती. आणि रिमेता उभा राहिला. मला वाटलं गाणार.

"किना," तो म्हणाला, "बुबुती."

आमच्यात नातलगानं चारचौघांत 'बुबुती' म्हटलं की जे मागेल ते त्याचं. सायकल असो, पातेलं असो, अंगातला सदरा असो. नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्याला लोक मारत नाहीत, पण त्याच्या नातवंडांनाही टोमणे ऐकावे लागतात. माझं शिवणयंत्र असंच मावसबहिणीकडे गेलं, आणि माझ्या घरातला लोखंडी तवा असाच दुसऱ्या कुणाकडून आला. सगळ्यांचं असंच चालतं. त्यामुळे इथे कुणी उपाशी मरत नाही आणि कुणी फार पुढेही जात नाही.

"तुझी नोकरी मला दे," रिमेता म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "तू एकटी आहेस. उद्या लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी जाशील. माझ्या घरात चौथं तोंड येतंय, किना. मला लाज वाटते रोज जाळं घेऊन निघायची."

लोकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. किनाईची आई चटईवरची वीण बोटानं चाचपत राहिली. नोकरी मागितलेली मी जन्मात ऐकली नव्हती, पण मागू नये असंही कुठं लिहिलेलं नाही. मागितलं ते मागितलं.

"घे, दादा," किनाई म्हणाली.

काय टाळ्या पडल्या! तेबाऊच्या डोळ्यांत पाणी. एक म्हातारा म्हणाला, "अशा पोरी आता होत नाहीत." रिमेताच्या बायकोनं पुढे येऊन किनाईच्या गळ्यात आपली फुलांची माळ घातली. मीही टाळ्या वाजवल्या. खरं ते सांगते.

सोमवारी सकाळी आम्ही चौघं बेसिओला गेलो. तेबाऊ, दाढी करून तुळतुळीत झालेला रिमेता, किनाई आणि मी. मला नेलं कारण बंदराचे साहेब माझे विद्यार्थी. तेबाऊ म्हणाला, "बाई, तुमचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही." बसमध्ये रिमेता मला विचारत होता, मालाच्या नोंदी इंग्रजीत असतात का. किनाईच त्याला समजावून सांगत होती, कुठला रकाना कशाचा.

साहेबांनी खुर्च्या दिल्या. किनाईनं एक कागद पुढे सरकवला. रविवारी तिनं स्वतःच चर्चच्या यंत्रावर टाइप केला होता. 'मला देऊ केलेली जागा मी स्वीकारू शकत नाही.' एकही चूक नव्हती त्यात.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, हे काय?"

"बुबुती झाली," मी म्हटलं. "आता हा तिच्या जागी येईल."

साहेबही इथलेच. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी कपाळ चोळलं. "अहो, नोकरी म्हणजे काय पातेलं आहे? ती खात्याची आहे, हिची नाही. हिनं नाकारली तर यादीत जो पुढचा, त्याची."

"मग पुढचा रिमेताच की!" तेबाऊ म्हणाला. घरात पहिला नंबर आला म्हणजे दुसराही घरातच असणार, असा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

साहेबांनी खणातून यादी काढली आणि बोट वरून खाली न्यायला लागले. दुसरी मराकेई बेटावरची एक मुलगी. तिसरा कुणी. चौथा. बोट जातच राहिलं.

"रिमेता," ते म्हणाले, "एकोणिसावा."

रिमेता उठला आणि बाहेर जाऊन धक्क्यावर उभा राहिला, पाठमोरा. खिडकीतून दिसत होता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि तेसुद्धा अजून आलं नव्हतं, कारण किनाईचा कागद अजून टेबलावरच होता, दप्तरी लागला नव्हता.

साहेबांनी त्याच्यावर शिक्का मारला नाही. दोन बोटांत धरला आणि तेबाऊकडे पाहिलं. "काका, फाडू का? माझ्याकडे काही आलंच नाही असं समजतो. काय करू, बोला."

तेबाऊचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार होते? त्याचं घर, त्याची माणसं. त्याला कुणीतरी वाट काढून द्यायला हवी होती, ती मी दिली नाही. मग तो म्हणाला, "सगळ्या मनेआबासमोर दिलंय. दिलेलं परत घ्यायची आमच्या घराची रीत नाही."

साहेबांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग शिक्का मारला.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावली होती ते बरंच झालं.

त्यानंतर त्या आवारात हा विषय निघाला नाही. तेबाऊ लोकांना सांगायचा, बंदरवाल्यांनी घोळ घातला. लोक मान डोलवायचे. रिमेताला मुलगी झाली. तो रोज समुद्रावरून आला की पहिली माशांची माळ किनाईच्या दारात टांगतो, मग स्वतःच्या घरी जातो. ती मराकेईची मुलगी बंदरावर काम करते, चांगलं करते म्हणतात. किनाईचं लाल झंपर नुकत्याच लग्न होऊन आलेल्या भावजयीनं मागितलं. दिलं.

यंदाच्या सर्व्हेत मी पुन्हा तिच्या मचाणाशी जाऊन बसले. आता ती सव्वीस वर्षांची. मांडीवर रिमेताची पोर झोपलेली, आणि बाजूच्या पाटावर ती मासा साफ करत होती. नाव, वय, शिक्षण झालं.

"गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी निदान एक तास..."

"नाही."

"गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का?"

"नाही."

आजवर या प्रश्नाला तिचं उत्तर नेहमी 'हो' असायचं. मी पेन थांबवलं. "का गं?"

"मिळालं तर पुन्हा द्यावं लागेल, बाई. कुणासाठी शोधू?"

फॉर्मप्रमाणे आता ती बेकारसुद्धा राहिली नाही. काम शोधतो त्यालाच बेकार म्हणायचं, अशीही एक व्याख्या आहे. मला रागच आला. तिचा, तेबाऊचा, त्या छापील कागदाचा, सगळ्याचा. म्हटलं, "अगं, तेव्हा ती यादी आधी कळली असती तर..."

"मला माहीत होती."

"काय?"

"पत्र आणायला गेले तेव्हा साहेबांच्या टेबलावरच होती. दादा एकोणिसावा, ते मी तेव्हाच वाचलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस? मनेआबात तोंड उघडायला काय झालं होतं?"

"तिथे बोलले असते तर सगळे म्हणाले असते, अजून कामावर गेली नाही तोच हिची दानत गेली."

"मग कचेरीत तरी? कागद फाडायला तो माणूस तयार होता!"

"त्यांनी काकांना विचारलं." पोर चुळबुळली, तशी तिनं मांडी हलवून तिला थोपटलं. "काकांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. मी तिथेच बसले होते, बाई. मधल्या खुर्चीवर."

खरंच होतं ते. मागणाऱ्यानं मागितलं होतं, देणाऱ्या घरानं दिलं होतं, साहेबांनी वडीलधाऱ्याला विचारलं होतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. मी अखेर ते विचारलं.

"किनाई, तुला हवी होती का गं ती नोकरी?"

तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे मान वाकवून पाहिलं.

"हा प्रश्न फॉर्मात आहे?"

"नाही."

"मग पुढचा विचारा," ती म्हणाली, आणि मासा उलटा करून दुसऱ्या बाजूचे खवले काढायला लागली.