मास्तरांच्या मशीनचं अपडेट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या मास्तरांइतका डोकं उठवणारा माणूस दुसरा नाही. हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, कित्येक हंगामांच्या अनुभवानं म्हणतोय. आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. मास्तर आमच्या नाटक कंपनीत कीबोर्ड वाजवतात आणि मी हिरोचं काम करतो. वय विचारू नका. पावडरीच्या थराखाली ते मावतं अजून. स्वभावानं मी अबोल. स्टेजवर दुसऱ्यानं लिहिलेलं काय ते बोलतो आणि खाली उतरलो की तोंड मिटतो. मास्तरांबद्दलही आजवर दातओठ खात गप्पच राहिलो. आता मात्र बोलणार आहे, आणि त्यांचं सांगता सांगता माझंही थोडं बाहेर पडेल, त्याला इलाज नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मास्तरांच्या वाद्याला कीबोर्ड म्हणायचं नाही, पेटी म्हणायचं नाही, आणि गावातली म्हातारी मंडळी म्हणतात तसं 'आर्गन' तर मुळीच नाही. मशीन म्हणायचं. एका गावच्या सरपंचानं कौतुकानं "तुमचा बेंजो लय गोड वाजते जी" म्हटलं, तर मास्तर त्या गावात जेवले नाहीत. मशीन गोधडीत गुंडाळलेली, गोधडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर वहिनींची जुनी साडी, असं ते बोचकं बाळंतिणीला सांभाळावं तसं सांभाळत ते एसटीनं येतात. कंपनीच्या गाडीत पडद्यांचे बांबू असतात, म्हणून तिथं ती चढत नाही. एसटीत तिला खिडकीची सीट लागते. एकदा मीही त्यांच्याबरोबर होतो. चंद्रपूरच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "भाऊ, लगेजचं तिकीट घ्या." मास्तर म्हणाले, "लगेज कायले? सीटवर बसून आहे ना ते. हाफ द्या." "हाफ कोनाचं?" "हिचं. आठ वर्साची आहे. बारा पूर्ण झाले का फुल देईन." गाडी जागची हलेना, मागून लोक ओरडू लागले, आणि मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही असा चेहरा करून बसलो. शेवटी कंडक्टरनंच हात जोडले. तेव्हा मास्तरांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "भाऊ, तिकडे काऊन बसले? हिच्या बाजूले जागा आहे ना!"

दुसरी गोष्ट, मास्तरांना चालेलसं काही चालत नाही. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी मरायचो. मी पडलो की मास्तरांनी दुःखाचे दोन सूर सोडायचे आणि पडदा पडायचा, इतकं सरळ काम. पण एका प्रयोगात त्यांनी मशीनमधली सारंगी लावली आणि ती त्यांना पुरेशी दुःखी वाटली नाही. मग बासरी घेतली. ती फारच गोड लागली. मग व्हायोलिन, मग सनई, मग पुन्हा सारंगी, पण यावेळी लांबून ऐकू येणारी. पडदेवाला दोरी धरून त्यांच्या तोंडाकडे बघतोय, माझी नाटकातली बायको रडून रडून कोरडी पडलीय आणि मेलेल्या माझ्या कानात मुंगी शिरलीय. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बिचाऱ्याले जाळून तं टाका आता!" नंतर मी मास्तरांना जाब विचारला तर म्हणाले, "भाऊ, तुमी एवढे मस्त मेले होते, त्याले साजेसं नको का काई?"

तरी हे सगळं मी सोसलं होतं. पुढं मशीन अडकायला लागली. चालू नाटकात मध्येच तिची बटणं बधिर व्हायची आणि जो ताल चालू असेल तो चालूच राहायचा. एका गावात आई मुलाच्या प्रेतावर पडून रडतेय आणि मशीन लावणीच्या ढोलकीवर अडकली. मास्तर बटणं दाबताहेत, ढोलकी थांबत नाही. आईचं काम करणारी बाई मुरलेली. तिनं हुंदके ढोलकीवर बसवले, आणि पब्लिकनं त्या शोकाला वन्समोअर दिला. मास्तरांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "मशीनले काई झालं नाई. ते थकली असन."

यावर औषध होतं. मशीनच्या आत तिला चालवणारी जी आज्ञावली असते, फर्मवेअर म्हणतात तिला, तिची नवी आवृत्ती मशीन बनवणाऱ्या कंपनीनं नेटवर फुकट ठेवली होती. पेनड्राइव्हवर उतरवायची, मशीनला लावायची, संपला विषय. वडसा आणि मूल या गावांतल्या वादकांनी केव्हाच करून घेतलं होतं. मास्तर मात्र हलायला तयार नव्हते. पितृपक्षात म्हणाले, पितृपक्षात नाई. पितृपक्ष संपल्यावर म्हणाले, पेनड्राइव्ह नवा पायजे. नवा आणून दिला, तर म्हणाले, त्याले थोडा जुना होऊ द्या. सिरोंचाकडच्या कोणा वादकाची गोष्ट तर त्यांनी इतक्यांदा सांगितली, की मला तो मनुष्य ओळखीचा वाटायला लागला. त्याच्या मशीनचं अपडेट चालू असताना लाइट गेली, आणि "पुरी मेली जी मशीन. आवाज नाई, उजेड नाई. आता तिच्यावर पापड वाळवते त्याची बायको."

आता माझं सांगतो. मशीन अडकते ही तक्रार सगळ्यांचीच होती. माझी वेगळी होती, आणि ती मी कंपनीच्या मालकांकडे एकट्यानं जाऊन केली. मी म्हणालो, मशीनमध्ये पूर्वीची धार राहिली नाही. मी तोच काळी चारचा सूर घेतो, मास्तर तीच काळी चारची पट्टी दाबतात, पण माझी गाणी बसकी लागतात, मैदानाच्या टोकापर्यंत फेकली जात नाहीत. मशीन जुनी झाली, मास्तरही जुने झाले. मालक फार विचार करणारा माणूस नाही. त्यांनी निरोप दिला, हंगामाच्या आधी अपडेट करा, आणि पहिल्या प्रयोगात मशीन बरोबर नसली तर दुसरा माणूस येईल. निरोप पोचवायला मलाच पाठवलं. मास्तरांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "बरं झालं तुमी आले. तुमीच काईतरी शब्द टाकला असन माह्यासाठी, नाई तं मालक सरळ काढून टाकते." मी चहा पिऊन घरी आलो.

तर ते अपडेट. चंद्रपुरात, पठाणपुऱ्यातल्या मास्तरांच्या घरी, भर दुपारी. मास्तर आंघोळ करून, उदबत्ती लावून बसलेले. लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर मागून आणलेला. इन्व्हर्टरवर भार नको म्हणून फ्रीज बंद, पंखे बंद. शेजारी जाऊन ते मिक्सरही बंद करवून आले होते, शेजाऱ्यांचा त्यांच्या इन्व्हर्टरशी काही संबंध नसताना. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या लग्नात यायनं एवढी तयारी केली नव्हती." एवढं करून भिंतीतलं सॉकेट ढिलं. तेव्हा प्लग दाबून धरायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरांनी दोन बटणं दाबून मशीन चालू केली, तिच्या छोट्या पडद्यावर एक बारीक रेघ उमटली आणि मास्तर कुजबुजले, "सुरू झालं. आता हलाचं नाई भाऊ. हलले का मेली." मी भिंतीकडे तोंड करून, हात ताणून, प्लग दाबून उभा. घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेली. मागून मास्तरांचं समालोचन, "चालली... चालली... थांबली का हे? नाई, चालली." बाहेर भाजीवाला ओरडला तर मास्तरांना त्या धक्क्यानं मशीन बंद पडेल अशी भीती. वहिनींना शिंक आली, तर त्यांनी तोंडावर पदर धरून अंगण गाठलं. शेवटी एकदाची मशीन वाजली. मी हात सोडून वळेपर्यंत मास्तर पडद्यावर पालथे पडलेले. "अवं, जखमेले लावाची चिकटपट्टी आन बरं," ते ओरडले. मी वाकून पाहिलं तोवर त्यांनी चांगल्या धडधाकट पडद्याच्या एका कोपऱ्यावर ती चिकटवूनही टाकली होती. "हे काय, मास्तर?" "तिथं लय उजेड मारते जी. डोळ्याले लागते."

मी तिथल्या तिथं हात टेकले. एवढा उपद्व्याप करून मशीन नवी केली, आणि पहिलं काम काय, तर तिला ठिगळ!

हंगामाचा पहिला प्रयोग मोहर्लीच्या रस्त्यावरच्या एका गावात होता. तिकडे अंधारात कोणी रस्त्यानं येत नाही, वाघ असतो. त्यामुळं आजूबाजूच्या गावांची माणसं उजेडातच येऊन सतरंज्या टाकून बसली होती. साउंड टेस्टलाच अर्धं मैदान भरलेलं. मालक मुद्दाम मशीनपाशी येऊन उभे राहिले. "झालं का अपडेट?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी मान हलवली. मालकांचं लक्ष त्या मळक्या चिकटपट्टीकडे गेलं. "हे काय लावलं? फुटली का?" मास्तर पट्टीची सुटलेली कड दाबून बसवायला लागले. मला राग आला. या माणसाची नोकरी टांगणीला लागलीय आणि हा ठिगळ सोडत नाही! मी पुढं होऊन ती ओढून काढली. "हे पाहा मालक, काही झालेलं नाही."

खाली दोन ओळी होत्या. वर 'हिरो', म्हणजे मी. प्रत्येक गायकाचा सूर मास्तर मशीनमध्ये साठवून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. आणि त्याखाली ठळक आकडा, उणे तीन.

"हे काय आहे?" मी विचारलं.

मास्तरांनी आकड्याकडे असं पाहिलं, की जणू तो आताच कोणी तिथं आणून ठेवला. "ते तापमान आहे जी," ते म्हणाले.

"उणे तीन?"

"आतलं. मशीनच्या आतलं."

तबलजी तबल्यावर इतका वाकला की त्याची टोपी पडली. हातोडी खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "सांगून टाका ना मास्तर. मी तबला तुमच्या मशीनच्या सुरावरच लावतो, मले तं पहिल्यापासून माहीत आहे." आणि मग त्यानंच सांगितलं. मास्तर काळी चार दाबत, पण मशीन त्याच्या तीन पायऱ्या खालचा सूर देई, पांढरी चारचा. आधी एक पायरी, काही हंगामांनी दोन, आता तीन. माझा गळा जसजसा खाली आला, तसतसे मास्तर सगळ्या नाटकाला माझ्याबरोबर खाली घेऊन आले. जुन्या मशीनमध्ये हा आकडा आत कुठंतरी दडलेला असे. नव्या फर्मवेअरनं तो समोरच्या पडद्यावर आणून ठेवला.

मला पटलं नाही. पटवून घ्यायचं नव्हतं. मी स्वतः बटण दाबून आकडा शून्यावर आणला आणि माइक धरला. "द्या काळी चार." मास्तर म्हणाले, "राहू द्या ना भाऊ." "द्या." त्यांनी सूर दिला. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर गळा चढला आणि तिथंच फाटला. पुढं बसलेली पोरं खिदळली. एक म्हातारा म्हणाला, "काऊन जी, हिरो जेवला नाई का?"

मशीन खाडकन बंद झाली. मास्तर उभे राहिले होते. "मशीनच खराब आहे, मालक," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "अपडेटनं बिघडली. भाऊचा गळा खणखणीत आहे, हिचाच सूर लागत नाई. मी जातो, तुमी दुसरा मानूस बोलवा." आणि ते गोधडी पसरायला लागले. मालकांनी खिशातून फोन काढला.

मी तोंड मिटून उभा राहू शकलो असतो. इतकी वर्षं तेच करत आलो होतो. मास्तर साडीची गाठ मारत होते, आणि गाठ बसत नव्हती.

"मालक, फोन ठेवा," मी म्हणालो. हातात माइक चालूच होता, त्यामुळं ते मैदानभर गेलं. "मशीन ठीक आहे. गळा माझा उतरलाय." मालक फोन खिशात टाकत म्हणाले, "मग मास्तर वाजवतील ना बाप्पा तुमच्या सोयीनं, त्यात काय," आणि जेवणाची व्यवस्था पाहायला निघून गेले.

मास्तरांना मी राहिलेलंही सांगितलं, पडद्यामागं चहा घेताना. म्हटलं, मशीन बसकी लागते ही चुगली मालकांकडे मीच केली होती. मला वाटलं ते उठून जातील, निदान कप तरी आपटतील. त्यांचे डोळे चमकले. "बसकी लागली तुमाले? खरंच? एका पायरीवर समजलं का दोनवर?" मी म्हणालो, बहुतेक दोनवर. ते हिरमुसले. "मले वाटे तीनपर्यंत कोनाले कळनार नाई. बासरी थोडी मिसळाले पायजे होती." या माणसाशी धड भांडताही येत नाही.

यंदा हिरोचं काम एका तरुण मुलाकडे गेलंय. मी त्याच्या बापाचं करतो, तिसऱ्या अंकात स्टेजवर धावत येऊन म्हणायचं माझं एकच गाणं आहे. आकडा आता उणे चार आहे, उघड्यावर, कोणीही वाचावा असा. ते गाणं सुरू व्हायच्या आधी मास्तर इतका लांबलचक तुकडा वाजवतात, की मी हात पसरून नुसता उभा असतो आणि पब्लिक चुळबुळायला लागतं. परवा अगदी असह्य झालं. गाणं झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, सुरुवातीला एवढं काय वाजवत बसता? माणूस ताटकळतो ना तिथं!"

ते मशीनला गोधडी घालत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी दम घेऊन राह्यलो होतो, भाऊ."