वरची अर्धी पाटी

“आप्पा, वरची अर्धी जागा रिकामी का सोडलीय?” बाईंनी विचारलं.

“मुद्दाम सोडलीय,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. मी पेंटर. निपाणीपासून बेळगावपर्यंत चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शाळा चौथीपर्यंत, तीपण मधनंमधनं. पण अक्षर असं की शिकलेली माणसं थांबून बघायची. आमच्या भागात पाटीवर कन्नड वर आणि मराठी खाली. त्यामुळं पत्रा पुढ्यात आला की माझा हात वरची जागा आपोआप सोडतो. बाईंच्या पोस्टचा नमुना कागदावर काढतानाही तेच झालं. ह्या पोस्टला कन्नड लागणारच नव्हतं, पण हाताला कुणी सांगायचं?

पोस्ट म्हणजे फोनवरची पाटी. एक वाक्य, मागं रंग नाहीतर फोटो. लोक ती स्टेटसला ठेवतात, मग ती दिवसभर ओळखीपाळखीच्यांना दिसते. माझी सून सुजाता निपाणीत दुकान टाकून ह्याच पोस्टी करते. मी कागदावर काढतो, ती कॉम्प्युटरवर घेते. तिला वाटतं ती मला शिकवते. वाटू दे.

बाई म्हणजे कोगनोळीकडच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. यंदा पहिलीला पोरं कमी होती. पट भरला नाही तर वर्ग बंद, आणि सहा वर्षांची पोरं हायवे ओलांडून पलीकडच्या गावाला जाणार. बॅनर कोण बघत नाही, स्टेटस सगळे बघतात, म्हणून बाई आमच्याकडं आल्या. येताना सुविचार स्वतः लिहून आणला होता. “ज्ञानरूपी दीप अंतःकरणात प्रज्वलित करून उज्ज्वल भविष्याकडे मार्गक्रमण करण्यासाठी मातृभाषेतील शिक्षणाची कास धरा.”

“बाई, ह्ये वाचूस्तवर फोनची बॅटरी उतरंल,” मी म्हटलं.

“तुम्ही अक्षरं काढा, आप्पा. वाक्य माझ्यावर सोडा.”

“पाटीवर सात शब्दांच्या वर गेलं की सायकलवाला थांबत न्हाय. आणि फोनवरचा माणूस सायकलवाल्यापेक्षा जोरात जातोय.”

सुजातानं मधे पडून विचारलं, “बाई, तुमची पोरं घरी शाळेबद्दल काय सांगतात?”

बाईंनी आठवून सांगितलं. दुसरीतली एक मुलगी पाहुण्यांना म्हणाली होती, “मी नाही गेले तर बाई घरी येतात.”

मी बोटावर मोजले. बरोब्बर सात.

“हा काय सुविचार झाला?” बाई म्हणाल्या. “लोक म्हणतील, बाईंना दुसरं काम नाही.”

तरी मी तेच लिहिलं. गडद निळ्यावर पांढरं, सगळं एकाच वळणाचं जाड अक्षर. खाली उजव्या कोपऱ्यात शाळेचं नाव. आणि वरची अर्धी जागा रिकामी. ती बघून बाईंना राहवेना.

“तिथं कमिटीच्या अध्यक्षांचा फोटो बसेल. दोन्ही बाजूला गुलाब.”

“गुलाब बघून कोण पोरगं शाळेत घालतंय?”

“रिकामी पोस्ट गरीब दिसते, आप्पा!”

शेवटी सुजातानं दोन्ही केल्या. बाईंचा दीप गुलाबांसकट आज, माझी उद्या. शाळेच्या गावात पिठाची गिरण चालवणारी आक्का आहे. तिचा नंबर आसपासच्या सगळ्या बायकांकडं. दोन्ही पोस्टी तिच्या स्टेटसला ठेवायच्या, आणि दळण न्यायला येणाऱ्या बायकांना तिनंच विचारायचं. बाई आणि मी आत पोत्यांमागं बसून ऐकणार.

पहिल्या दिवशी आक्कानं विचारलं, “काय गं, माझं स्टेटस बघितलंस का?”

“व्हय की. लई भारी. गुलाब तर खरेच वाटत हुते.”

“आणि लिहिलेलं काय हुतं?”

मग एक जण म्हणाली, “कुणाचा तरी वाढदिवस हुता न्हवं? फोटो हुता की.”

मी बाईंकडं बघितलं नाही. एवढी माणुसकी माझ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून गेलो. आक्कानं विचारलं आणि बाहेरनं लगेच उत्तर आलं, “मी न्हाय गेले तर बाई घरी येतात.” एक शब्द चुकला नाही. मी मिशीवरनं हात फिरवला. तेवढ्यात तीच दळणवाली पुढं म्हणाली, “पण आक्का, कुठल्या शाळंचं गं त्ये?”

मी तरातरा बाहेर गेलो. “खाली नाव लिवलंय की!”

तिनं फोन माझ्यापुढं धरला. खाली नाव नव्हतं. स्टेटस बघणाऱ्याला तळाशी उत्तर लिहायची पट्टी दिसते, आणि शाळेचं नाव बरोबर तिच्या मागं गेलं होतं. दुकानात कॉम्प्युटरवर पट्टी नव्हती, म्हणून आम्हाला कळलं नाही. मागं बाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता.

दुकानात सुजाता म्हणाली, “मामा, तुम्ही ती वरची जागा मुद्दाम सोडलीय न्हवं? मग नाव तिथं घेऊ?”

“त्यासाठीच सोडलीय,” मी म्हटलं.

नाव वाक्याच्या डोक्यावर आलं. त्याच्या वरची जागा रिकामीच ठेवली. रिकाम्या जागेमुळं नजर थेट अक्षरावर जाते, हे सुजातानं सांगितलं आणि मला ते आधीपासून माहीत होतं असं मी दाखवलं. अध्यक्षांची समजूत बाईंनी काढली. पुढच्या सगळ्या पोस्टी पोरांच्याच बोलण्याच्या केल्या.

पट भरला. काठावर, पण भरला. बाई उन्हातनं घरोघर हिंडल्या म्हणून भरला असं सुजाता म्हणते. असेलही. पण नाव घालायला आलेल्या एका बापानं बाईंना पहिला प्रश्न केला तो असा, “तुम्ही खरंच घरी येता का हो?”

“पोराला एक दिवस शाळा चुकवून बघू दे,” बाई म्हणाल्या.

मी आता पोस्ट झाली की आधी दुसऱ्याच्या फोनवर पाठवतो आणि त्याला वाचायला लावतो. आपण रंगवलेली पाटी आपल्याला कायम वाचता येते. ती पाठ असते, म्हणून.