वहिनीची मूठ

आमच्याकडे मरणाची खबर देणारा माणूस नाव घेत नाही. नंदुरबारच्या शाळेत गडी मला बोलवायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मास्तर, लोणखेडाले चला. बरं नई व्हयनं." मीही विचारलं नाही. विचारायचं कशाला? माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मधुमेह जडून बरीच वर्षं झाली होती; खबर कुणाची ते मी धरूनच चाललो. प्रकाशा गावापाशी नावेत बसून तापी उतरेपर्यंत दादासाठी पोटभर रडून घेतलं. घरी पोचलो तर ओट्यावर दादा बसलेला! खरं सांगायचं तर क्षणभर मला आनंदच झाला. मग घरातून बायकांचा आकांत ऐकू आला आणि दादा म्हणाला, "तुन्ही वहिनी गई रे..." साध्या तापाचं निमित्त झालं म्हणे. या गोष्टीला महिना होऊन गेला, तरी माझ्या डोक्यात उजेड पडत नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे एकाला जपत होतो आणि गेली ती जपणारीच. याला काय म्हणावं?

दादा खाण्याचा आणि त्याहून खिलवण्याचा शौकीन. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर त्याच्या बोटांवरून तूप ओतणारा. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याचा गूळ, साखर, केळी सगळं बंद केलं. वर बजावलं, मधल्या वेळेला उपाशी ठेवू नका, पण पोट भरूही देऊ नका, थोडंसंच द्या. थोडंसं म्हणजे किती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. वहिनीनं ते आपल्या मुठीनं ठरवलं. सकाळची कामं उरकली की ती चुलीशी बसून हरभरे नि शेंगदाणे भाजायची, ज्वारीच्या लाह्या फोडायची, तिखटमीठ लावायची आणि पळसाच्या द्रोणांत एकेक मूठ टाकून द्रोण ओळीनं मांडायची. दादाची तहान वाढली की मूठ आवळायची, त्याला गळल्यासारखं झालं की सैल सोडायची. असं करता करता तिला तिचं माप सापडलं.

पण एकट्या दादाला मोजून दिलं असतं तर तो बिथरला असता. म्हणून घरातल्या सगळ्यांना तीच मूठ आणि आल्यागेल्यालाही तीच. एकदा व्याही, म्हणजे माझी पुतणी शांता हिचे सासरे, आले. त्यांच्यापुढेही द्रोण. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "विहीनबाई, हाई चाखाले दिनं का?"

"नई भाऊ, खावाले दिनं," वहिनी शांतपणे म्हणाली.

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी चिक्कू असल्याचा बोभाटा पार शहाद्यापर्यंत झाला. मी तिला म्हटलं, "वहिनी, लोकेसले खरं सांगी टाक ना."

"सांगसू तं त्या दया करतीन, आनि येकच पेढा खाय म्हनी त्यासना तोंडमा घालतीन. मन्हं नाव खराब व्हवू दे. नाव काय कोनी खाई जास?"

तेव्हा मला भरून आलं होतं. पण मी धडधाकट माणूस, उन्हातून चालत आलेला, आणखी मूठभर मागितले तर "भाऊ, वाटा सरना" म्हणून हसायची आणि डब्याचं झाकण लावायची, तेव्हा रागही यायचा. ही माया की हिला मोजण्याचीच गोडी लागली आहे, ते मला कधी ठरवता आलं नाही. आता विचारू कुणाला?

दिवसकार्य आटोपलं, शेजारघरांतून येणारी ताटं थांबली. मधल्या वेळेला आमच्या मंडळींनी, म्हणजे शांताच्या काकूंनी, द्रोण घेतला, डब्यात हात घातला आणि तिथंच थांबल्या. शांता म्हणाली, "काकू, मायनी मूठ इतली मोठी नव्हती." मग शांतानं भरून पाहिली, तर द्रोणाचा तळही झाकेना. वहिनी मूठ उघडी भरायची की मिटून, यावरून दोघींचं जमेना. शेवटी मला बोलावलं. मणाशेराची गणितं शिकवणारा मी, पण हे माप माझ्या कुठल्या कोष्टकात नव्हतं. जास्त पडलं तर दादाचं दुखणं उसळणार, कमी पडलं तर तो चोरून गुळाची ढेप फोडणार. आणि ज्या हाताला ठाऊक होतं तो हात आम्ही गोमाई नदीच्या काठी जाळून आलो होतो.

दादा खाटेवरून उठून आला आणि डब्यापाशी बसला. "कोंबडीचा चारा" म्हणून या खाऊला उभं आयुष्य नावं ठेवणारा माणूस. त्यानं शांताच्या हातून द्रोण घेतला, तळहातावर ठेवला, जरा वरखाली केला. "कमी शे," म्हणाला. आमच्या मंडळींनी थोडे टाकले. "आते जास्ती." त्यानं स्वतःच चिमटीनं काही दाणे डब्यात परत घातले, पुन्हा द्रोण तोलला, पुन्हा घातले. शेवटी एक फुटाणा त्याच्या चिमटीत राहिला. तो डब्यात टाकावा की द्रोणात, ते त्याला ठरवता येईना, आणि आम्हालाही कुणाला सांगता येईना. तो तसाच बसून राहिला...